मांडी घालून

“डॉक्टर, तीन आठवडे काटा एकशे अठरावरच अडलाय. पोट लहान करायचं ऑपरेशन फुकट गेलं का?”

“काका, पाच महिन्यांत सत्तावीस किलो उतरलंय. मध्ये वजन थांबतंच. हिरो व्हायचंय का?”

“मांडी घालून बसायचंय. बायकोचं दहावं-तेरावं मी खुर्चीत बसून केलं. रविवारी वर्षश्राद्ध आहे.”

“मग बसून बघा की. काट्याला काय विचारताय?”

रविवारी गुरुजींनी आपणहून खुर्ची मांडली. मी ती बाजूला सारली आणि भिंतीला धरून पाटावर टेकलो. पोट आड आलं, पण मांडी घालता आली. पिंडांपर्यंत हातही पोचला.

माझे डोळे भरलेले पाहून लेक म्हणाली, “बाबा, गुडघे दुखतायत का?”

“नाही गं. गुरुजी, घाई करू नका. सगळं सावकाश सांगा.”