बिननंबरी काच

चष्मेवाल्याचा उभा जन्म दुसऱ्यांकडून वाचून घेण्यात गेलेला. आज मात्र लेकीनं त्याच्याच हातात कागदांचं भेंडोळं कोंबलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही वाचा. मोठ्यानं नको."

भर दुपार. दुकानात चिटपाखरू नव्हतं. लेक गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसली होती. सहावा महिना, सुजलेले पाय, पण पाठ ताठ. तिच्या ऑफिसात सगळ्यांची स्वभावचाचणी घेतली होती, साठ प्रश्नांची. ही पूल तपासणारी इंजिनिअर. साठच्या साठ उत्तरं तिनं एकेक खिळा ठोकून बघावा तशी दिली होती. आणि निकाल आला होता : 'प्रकार, काटेकोर. नियमाला धरून चालणारी, रोखठोक. भावनेला थारा नाही. समोरच्याच्या मनातलं सहजी ओळखता येत नाही.'

चष्मेवाल्यानं पानं उलटली. अडतिसाव्या प्रश्नाशी त्याचं बोट थांबलं. 'समोरच्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही खोटं बोलता का?' तिनं खूण केली होती, 'कधीच नाही'. आता हे खोटं कसं म्हणावं? शाळेत असताना ही दुकानात यायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची, "काका, ही फ्रेम तुम्हाला मुळीच शोभत नाही." काका तरातरा समोरच्या दुकानात जायचे.

"बरं, मग यात रडण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला.

"मी कुठे रडतेय? मला रडूच येत नाही, बाबा, हेच तर सांगतेय." तिनं पोटावर हात ठेवला. "आईचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा तुम्ही सगळे रडत होता आणि मी बाकावर बसून औषधांची यादी करत होते. आता हे येईल. भूक लागली, पोट दुखलं, भीती वाटली, त्याला सांगता थोडंच येणार आहे? मला कळणार कसं?"

"अगं, असल्या चाचण्यांचं काय एवढं मनावर घ्यायचं!"

"का? तुम्ही दिवसभर चाचणीच घेता ना? आणि त्यावर लोकांना चष्मे देता."

लेक कुणाची, असं मनाशी म्हणत चष्मेवाल्यानं काचांची पेटी उघडली आणि तपासणीची ती जाडजूड गोल फ्रेम तिच्या नाकावर चढवली.

"हे काय आता?"

"नंबर बघू. वाढलेला असतो या दिवसांत. समोर बघ."

नंबरबिंबर काही नव्हतं. त्याची एक युक्ती होती, तीस वर्षं जपलेली, अगदी बायकोलाही न सांगितलेली. पेटीच्या तळाशी दोन काचा होत्या, दोन्ही बिननंबरी, खिडकीच्या काचेसारख्या साध्या. तपासणी संपत आली की तो त्या एकामागून एक लावायचा आणि विचारायचा, "आधीचं बरं की आताचं?" दहातले सात जण सांगायचे, आताचं. असं कुणी म्हणालं की तो गुपचूप सगळी तपासणी पहिल्यापासून करायचा. बिचारी माणसं, उत्तरं द्यायला बसली की चुकतातच. लेकीलाही तेच दाखवायचं होतं. ती चुकली म्हणजे तो कागदही चुकला, झालं!

त्यानं पहिली काच लावली. मग ती काढून दुसरी. हात जरा थरथरत होता, काच खाचेत बसेना. बसली एकदाची.

"हं, सांग बेटा. आधीचं बरं की आताचं?"

ती तक्त्याकडे बघत होती. मग तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"आताचं," ती म्हणाली. "खूपच स्पष्ट दिसतंय."

चष्मेवाल्यानं टाळीच वाजवली. "फसलीस! दोन्ही साध्या काचा आहेत! बघ, चाचणीत माणूस असा चुकतो. घाल तो कागद चुलीत!"

ती हसली नाही. "दुसऱ्या काचेच्या कडेला टवका उडालाय, बाबा. ती साधी आहे, हे मला सातवीत असल्यापासून माहीत आहे."

तीस वर्षांचं गुपित, आणि पोरीनं निम्मी वर्षं ते पोटात ठेवलं होतं.

"मग आताचं बरं, असं का म्हणालीस?"

"तुम्ही एवढ्या आशेनं विचारलंत." ती खांदे उडवून म्हणाली. "हातसुद्धा थरथरत होता तुमचा. सारखंच दिसतंय म्हणाले असते तर तोंड एवढंसं झालं असतं."

चष्मेवाल्यानं कागद शोधला, पान उलटलं, अडतिसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि तिच्या पुढ्यात धरलं. वर खिशातलं पेन काढून दिलं.

तिनं प्रश्न वाचला. मग आपलंच उत्तर वाचलं. पेन हातात तसंच राहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "अक्षरं पुसट दिसताहेत."

त्यानं हलकेच फ्रेम उतरवली, काचा बाहेर काढल्या, सवयीनं रुमालावर पुसल्या. काचा कोरड्याच होत्या.