चौऱ्याऐंशी टक्के

यंत्राने माणसाचा गुलाम व्हावं, माणसाने यंत्राचा नव्हे, या तत्त्वाला प्राध्यापकांनी आयुष्यात कधी मुरड घातली नव्हती. सकाळी अकरापासून ते तत्त्व कंप्यूटरच्या काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकत होतं आणि प्राध्यापक बनियनवर त्याच्यापुढे बसून होते.

"वीस मिनिटं म्हणाला होतात," बायको दारातून म्हणाली. तिने इस्त्रीचे कपडे घातले होते.

चार वाजता तिची मुलाखत होती, याच कंप्यूटरवर. एका मोठ्या ग्रंथालयातली नोकरी. पंधरा वर्षांतली पहिली मुलाखत. ती होईपर्यंत त्या डब्याला हात लावू नका, असं तिने आठवडाभर बजावलं होतं. प्राध्यापकांनी हात लावला तो तिच्याचसाठी. कंप्यूटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालायचा तिची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात म्हणे कॅमेऱ्याचं चित्र जास्त स्वच्छ दिसत होतं.

ही नवी आवृत्ती चढताना मधेमधे थांबून नम्रपणे विचारत होती, की या फाइलीत तुम्ही पूर्वी काही बदल केलेत, तर तुमची जुनी ठेवू की आमची नवी घालू? असं तिने अकरा वेळा विचारलं. प्राध्यापकांनी अकराही वेळा 'माझी' म्हणून सांगितलं. कसले बदल, कधी केले, कशासाठी, यातलं त्यांना काही आठवत नव्हतं. आपलं सोडायचं नाही, एवढं मात्र पक्कं होतं.

"त्यांची घ्यायची होती ना मग."

"का म्हणून? त्यांना काय माहीत माझ्या मशीनचं?"

"तुम्हाला तरी काय माहीत?"

अकराव्या उत्तरानंतर यंत्र बंद होऊन सुरू झालं ते असं. चित्र गेलं, माउस गेला, वायफाय गेलं. वायफाय परत आणायला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम हवा होता आणि तो ड्रायव्हर होता इंटरनेटवर. म्हणून बायकोचा फोन वायरने जोडून त्याचं नेट यंत्राला पाजणं चाललं होतं. प्राध्यापकांचा स्वतःचा फोन जगभरच्या जाणकारांचे सल्ले वाचता वाचता तीन टक्क्यांवर आला होता. मुळात हे करायलाच नको होतं, यावर बहुतेक जाणकारांचं एकमत होतं.

"पावणेचार झाले."

"होतंय गं. एकाहत्तर टक्के."

"मगाशीही एकाहत्तरच होते."

"मगाशी सत्तर होते."

चाराला पाच कमी असताना ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"अहो, फोन द्या माझा."

"आत्ता? चौऱ्याऐंशी टक्के झालंय! आत्ता वायर काढली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"करा की पहिल्यापासून."

"अगं, तुझ्यासाठीच मरतोय ना मी इथे!"

बायकोने वायर उपटली, फोन बाहीला पुसला आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली.

पडद्यावर ओळ उमटली, की संपर्क तुटला आहे, पुन्हा प्रयत्न करायचा का? पहिल्यांदाच प्राध्यापकांनी काही उत्तर दिलं नाही. दारापलीकडून तिचा आवाज येत होता, बेताचा, ठाम, घरात सहसा न लागणारा. मधे एकदा ती चक्क हसली. त्या खोलीत भरदिवसाही अंधार असतो, त्यात खिडकी पाठीमागे, म्हणजे चेहरा कोळशासारखा दिसणार. आणि फोनचा तो कॅमेरा म्हणजे तर नुसतं नावाला भिंग! दोनदा प्राध्यापक दारापर्यंत गेले, ठोठावायला हात उचलला आणि परत येऊन बसले.

पंचवीस मिनिटांनी कडी निघाली.

"दिसलीस का गं नीट?" प्राध्यापकांनी खुर्चीतून अर्धवट उठत विचारलं.

"नाही," तिने फोन टेबलावर ठेवला. "लाइन अडकते म्हणून त्यांनी सुरुवातीलाच सगळ्यांना कॅमेरे बंद करायला सांगितले."