तारखेची जागा

रंगनाथनं फोटो स्टुडिओच्या काउंटरखालून फ्रेम वर काढली, फडक्यानं काच पुसली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, हार माझ्याकडून. चंदनाचा हाय, प्लास्टिकचा न्हाई."

बन्सीधरनं फ्रेमकडं बघितलं. मग शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडं, कडूबाईकडं बघितलं. मग परत फ्रेमकडं. चेहरा तिचाच होता, पण पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा. अंगावर मोरपंखी पैठणी, नाकात नथ, पाठीमागं हिमालय. खाली सोनेरी अक्षरांत 'कै. सौ. कडूबाई', आणि त्यापुढं बोटभर मोकळी जागा.

"तारीख तुमी सांगितली न्हाई," रंगनाथ म्हणाला, "म्हणून जागा सोडली. ह्या मावशी कोण? बाईच्या भईन का?"

"मीच ती बाई," कडूबाई म्हणाली.

रंगनाथ मटकन स्टुलावर बसला. त्याच्या स्टुडिओच्या भिंतीवर टांगलेल्या पालम तालुक्यातल्या झाडून सगळ्या नवरानवरींनी तेव्हा माना वळवून बघितलं म्हणे.

"आरं, ही गेली म्हणून मी कवा म्हणलो?" बन्सीधर कडाडला.

"तुमी म्हणलात, मोठा करून दे, भितीला लावायचाय. एकट्या बाईचा फोटू. आन् डोळ्यात ही एवढं पाणी…"

"समोरच्या गाड्यावरची मिरचीभजी खाल्ली हुती मी!"

रंगनाथचं तरी काय चुकलं? आपल्याकडं बाई गेल्याशिवाय तिचा एकटीचा फोटो कुणी मोठा करत नाही. पण बन्सीधरची तऱ्हाच न्यारी. एसटीची ड्रायव्हरकी संपवून राणीसावरगावला शेतीवर आल्यापासून लेकीनं, अर्पितानं, टाकून दिलेला चपटा कॅमेरा त्याच्या गळ्यात नाडीनं बांधलेला. कडूबाई चूल फुंकायलीय, काढ फोटो. कडूबाई शेळीला शिव्या द्यायलीय, काढ फोटो. शेळी आता कॅमेरा दिसला की आपणहून मान तिरकी करून उभी राहते. आणि कडूबाईची खरी ऐट रानात. लुगड्यावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, कॉलर ताठ, बाह्या कोपरापर्यंत, कमरेला कापसाची ओटी. बन्सीधरनं दिला होता तो असला फोटो. रंगनाथनं कॉम्प्युटरवर शर्ट उतरवून, तोंड मिटवून, रीतीप्रमाणं, मयताला सजवलं.

आज बाजाराच्या निमित्तानं तिला आणलं होतं. दाखवून चकित करायचं होतं.

"लावा आता भितीला," कडूबाई म्हणाली. "जित्या माणसाला हार घाला. किती डाव म्हणलं, ह्यो नाद सोडा, अपशकुन असतोय." तिनं पदराच्या टोकानं 'कै.' पुसून बघितलं. ते काचेच्या आत होतं.

बन्सीधरचा आवाज उतरला. "अपशकुन कसला? वैनीचं काय झालं ठावं हाय ना? गेल्या तवा घरात एक फोटू न्हवता. आधार कार्डावरचा मोठा करून लावला. दिवा लावताना रोज वाटतंय, बाईला पोलिसांनी धरून नेलंय. तुझं तसं हू देणार न्हाई मी. मागून कुणी कायबी टांगायच्या आत मीच लावणार. तुझ्या डोळ्यादेखत."

कडूबाईनं पैठणीवालीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"लय बड्या घरची दिसायलीय," ती म्हणाली. "गेली ते बरं झालं. हिच्यानं कापूस येचणं झालं नसतं."

रंगनाथ हसला आणि भिऊन त्यानं फडकं तोंडावर धरलं.

"माझा कुठाय मग?"

बन्सीधरनं गळ्यातला कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. तिनं त्याचा चष्मा ओढून आपल्या नाकावर चढवला. काडेपेटीएवढ्या पडद्यावर खाकी शर्टातली एक बाई मान मागं टाकून हसत होती. तोंड सताड उघडं, पुढचे दोन दात गायब.

"मी आशी हसते?"

"रानात. घरात पाय टाकला की बंद."

"मला कवा सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर हसली असतीस का?"

ती बघत राहिली. रंगनाथ स्वच्छ असलेलं काउंटर पुसत राहिला. शेवटी तिनं कॅमेरा त्याच्यापुढं धरला.

"लेकरा, त्या पैठणीवालीला काढ. मला टाक."

"शर्टासगट, मावशी?"

"मग काय बिनशर्टाची टाकतूस?"

"दोन दात तरी भरू का?"

"तू भरलेल्या दातानं मला भाकर चावता यील का?"

"आन् नाव?"

"नाव टाक. त्याच्या म्होरं न्हाई, मागं न्हाई, कायबी नको."

नवा फोटो फ्रेममध्ये बसवून होईस्तोवर सांज झाली. गावाकडची गाडी लागली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. बन्सीधर बाजाराची पिशवी घेऊन कसाबसा चढला. फ्रेम मात्र कडूबाईनं त्याच्या हाती दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, काच बाहेरच्या बाजूला. तिचं स्वतःचं तोंड फ्रेमच्या मागं झाकून गेलेलं.

पुढच्या सीटवरचा फेटेवाला ते बघून गडबडीनं उठला. त्यानं फोटोला हात जोडले.

"लय हसतमुख बाई हुती वो. कवा गेल्या?"

"अजून न्हाई गेली," फ्रेमच्या मागून आवाज आला. "उभी हाय. सरक जरा, बसू दे."