जुंपून पाहिलेलं कॉलेज

“मास्तर दाखवा,” अण्णाजी म्हणाले.

प्रिन्सिपलसाहेबांचा फॉर्म द्यायला पुढे झालेला हात तसाच राहिला. त्यांनी आधी अण्णाजींच्या फेट्याकडे पाहिलं, मग शेजारी पदर बोटाला गुंडाळत उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीकडे, जयवंताकडे.

“कोणते मास्तर?”

“जो हिले शिकवणार हाय, थो. एक पिरेड जुंपून पाह्यतो. चालला तर फॉर्म भरतो, नाई तर राम राम.”

धरणीनं आपल्याला पोटात घ्यावं, असं जयवंताला वाटलं. पण या आठवड्यात तिला हे तिसऱ्यांदा वाटत होतं, आणि धरणीला आता सवय झाली असावी.

केळझरच्या अण्णाजींनी उभ्या जन्मात जुंपून पाहिल्याशिवाय बैल घेतला नव्हता. दलालाची जीभ, बैलाचे दात, शिंगांचा रंग, सगळं खोटं. वावरात एक फेरा मारला की खरं काय ते कळतं. मुलगी मॅट्रिक पास झाली तेव्हा त्यांनी हाच नियम कॉलेजला लावला. नागपूरचे एक प्रोफेसर तासभर वहीतून मान न उचलता वाचत राहिले. “घाण्याचा बैल हाय,” अण्णाजी व्हरांड्यात म्हणाले. हळूच म्हणाले होते, पण व्हरांडा घुमणारा निघाला. अमरावतीचे प्रोफेसर टेबलावर मुठी आपटून गर्जत होते. “जोर लय हाय, पण गाडी कुठी चालली थे त्यालेच माहीत नाई.” हे त्या प्रोफेसरांनीही ऐकलं. त्यांनी विचारपूर्वक मान डोलावली.

आज शेवटची तारीख. पाच वाजता फॉर्मची खिडकी बंद. आणि सकाळी एस. टी. त चढताना आई आनंदाबाईनं बजावलं होतं, “आज कॉलेज भेटलं नाई, तर उद्या हिंगणघाटच्या पाव्हण्यायले होकार कळवून टाकजा.” हिंगणघाटचा मुलगा चांगला होता, हीच अडचण. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

वर्ध्याचं हे कॉलेज नवं होतं. वर्गात बाक चाळीस आणि विद्यार्थी अकरा. प्रिन्सिपलसाहेबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली.

“बसा वर्गात,” ते म्हणाले. “फक्त आमच्या प्राध्यापकांना बैल म्हणू नका.”

“अजून कुठी म्हटलं?” अण्णाजी म्हणाले.

वर्ग म्हणजे जुन्या जिनिंगचं गोदाम. आढ्यावरून मधूनच कापसाचा एखादा पुंजका कुणाच्या तरी डोक्यावर उतरायचा आणि कोणी वर पाहायचं नाही. प्रोफेसर किडकिडीत, कोकणातून येऊन त्यांना पंधरा दिवस झाले होते. ते फळ्यावर कपाशीचं झाड काढत होते. पान काढलं, फूल काढलं, बोंड काढलं, आणि खाली वीतभर मूळ.

अण्णाजी शेवटच्या बाकावर, हनुवटी काठीवर टेकून. जयवंता तिसऱ्या. नागपूर-अमरावतीला ती अख्खा पिरेड गप्प बसली होती. इथं काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं.

“मूळ चुकलं,” ती म्हणाली. आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. अकरा माना वळल्या.

“काय म्हणालात?”

आता उठून उभं राहणं भागच होतं. “पऱ्हाटीचं मूळ एवढंसं नसते, सर. उन्हाळ्यात आमच्या वावरात विहीर खंदली. पऱ्हाटी वर उभीच होती, अन् मूळ खड्ड्याच्या भिंतीत लोंबून राह्यलं होतं. मी दोरीनं मोजलं. पुरुषभर गेलतं खाली. अजूनही होतं, पण दोरी संपली.”

“मंग आता क्लास विहिरीतच भरवा ना, सर!” एका पोरानं मागून आवाज टाकला. सगळे हसले.

प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी खडूचं टोक मुळाच्या शेवटाशी, फळ्याच्या चौकटीला टेकवलं.

“मूळ इथं संपत नसणार, हे मलाही कळतंय,” ते म्हणाले. “पण बाई, फळा इथं संपतो.”

“खाली भिंत हाय ना.”

भिंत होती. गेल्याच आठवड्यात प्रिन्सिपलसाहेबांनी जातीनं उभं राहून तिला गेरूचा हात देववला होता. प्रोफेसरांनी भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि खडू पुढे केला.

“या. दाखवा.”

मागचा बाक करकरला. अण्णाजी उठले होते. दाराशी बसलेल्या चपराशाला ते म्हणाले, “त्या खिडकीवाल्याले सांग बापा, पाच वाजले तरी खिडकी लावू नोको म्हणा. मी येऊनच राह्यलो.” आणि धोतराचा सोगा हातात धरून, चपराशाच्याही पुढे, जवळजवळ धावतच निघाले.

जयवंताला हे दिसलं नाही. तिनं फळ्यावरचं मूळ जिथं थांबलं होतं तिथं खडू टेकवला. मूळ चौकट ओलांडून गेरूवर उतरलं. डावीकडे एक फाटा फुटला, उजवीकडे दोन. ती वाकली, मग गुडघ्यावर बसली. वर्गातलं हसू कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. मागचे चारजण नीट दिसावं म्हणून बाकावर चढले होते. मूळ आणखी खाली गेलं, आणि मग भिंतही संपली.

तिनं मान वर केली.

“सर, अजून हाय.”

प्रोफेसरांनी आपले पाय बाजूला घेतले.