मैनेच्या पाठीवर

जुनं खेडं जसंच्या तसं उभं केलेल्या त्या संग्रहालयात सगळे बैलांची मोट पाहायला वळले, जुबेदाबी मात्र थेट तबेल्याकडे निघाल्या. नवरा गेल्यावर मुलाने टांगा मोडीत काढला आणि मैना घोडी इथे देऊन टाकली. तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती. म्हातारी घोडी पर्यटकांना घेऊन दिवसभर पळत असेल, उपाशी असेल, आपली वाट बघत असेल, असंच मनात येई.

मैना सावलीत उभी होती. बरगड्या दिसत नव्हत्या. गुडघ्यावरची जुनी जखम भरून तिथे केस आले होते. हाक ऐकताच तिने कान टवकारले, जवळ येऊन जुबेदाबींचा पदर हुंगला, खांद्यावर मान टेकवली. तेवढ्यात घोड्यांची देखभाल करणारी शेवंता चाऱ्याची पाटी घेऊन आली, तशी मैना शांतपणे वळून तिच्याकडे गेली.

तिला थोपटायला उचललेला हात जुबेदाबींनी मागे घेतला. मग हळूहळू खांदे सैल पडले.

“रानातल्या फेरीला हिला किती पिटाळता?” त्यांनी शेवंताला विचारलं.

“सकाळी एकदाच, तेही हलकं माणूस असलं तर. आज गेली नाही अजून. तुम्ही बसता का, मावशी?”

“मी? जन्मभर घोड्यांचं दाणापाणी केलं, पाठीवर कधी बसले नाही.”

“मग बसा की. मी लगाम धरते.”

मैना रानाच्या वाटेने चालू लागली, आणि जुबेदाबी तोंडाला पदर लावून पोरीसारख्या हसत राहिल्या.