सहा टोप्या

सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा ऑनलाइन दुकानातून बायकोने उन्हाळ्यासाठी रुंद काठाच्या गवती टोप्या मागवल्या. "सहा घेतल्या की डिलिव्हरी फुकट," म्हणाली. घरात डोकी तीन: मी, ती आणि मुलगी. चौथी टोपी कुत्र्याला घालून पाहिली. कान दबले म्हणून त्याने मान झटकून ती पाडली आणि चावून भुगा केला. उरल्या दोन.

"शेजारी दादा-वहिनींना देऊन या."

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ. एका शिडीवरून चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं. दोन्ही घरांत येणं-जाणं होतं ते फक्त कुत्र्याचं. त्याला मेल्याला लाज नाही.

"मी नाही जाणार. त्याला वाटेल, आला नाक घासत."

"मग खरं ते सांगा. डिलिव्हरी फुकट होती म्हणून घेतल्या."

हे वाक्य मी त्याच्या दाराबाहेर तीनदा घोकलं. बेलकडे हात नेला, तोच दार उघडलं. दादा बाहेरच निघाला होता. त्याच्या डोक्यावर तीच टोपी, मागे उभ्या वहिनीच्याही डोक्यावर तीच, आणि दादाच्या हातात आणखी चार. मेली ती जाहिरात त्याच्याही फोनवर आली असणार.

मी तोंड उघडायच्या आत तो गुरकावला, "उगाच गैरसमज नको. सहा घेतल्या की डिलिव्हरी फुकट होती."

आणि चारही टोप्या त्याने माझ्या हातात कोंबल्या. सगळ्यात वरच्या टोपीला कानांसाठी दोन भोकं पाडलेली होती.