परीचा निरोप

शाळेत उद्या वेशभूषेचा दिवस, म्हणून घरात आठवडाभर अबोला. आईला लेकीची परी करायची होती. बापाच्या लेखी ती सगळी सोंगं. दोघांचे निरोप लेकच पोहोचवायची.

"आई म्हणते, तुमच्या नाकावर टिच्चून पंख लावणार."

बाप धुमसला, पण अखेर थकला. "जा, सांग तिला. होऊ दे परी. हरलो मी."

बायकोचा विजयी चेहरा तरी बघावा म्हणून तो हळूच मागोमाग गेला. शिवणयंत्रापाशी लेक गंभीरपणे सांगत होती, "बाबा म्हणतात, पंख लावलेस तर कात्रीनं चिंध्या करीन."

"करून तर बघू दे!" आई कडाडली.

लेक वळली, तर दारात बाप. तिनं घाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "बाबा, गेल्या वर्षी तुम्ही दोघं बोलत होतात, तेव्हा दोघांच्या एकमतानं मला कोबी व्हावं लागलं होतं."